चार वाजताचा बँड

मेटल या जड रॉक संगीताच्या उघड्यावरच्या कार्यक्रमाला जायचे असेल तर पहिल्या बँडपासून जावे, असे माझे ठाम मत आहे आणि वर्षागणिक ते अधिकच पक्के होत गेले आहे. पत्रकावर सगळ्यात खाली, सगळ्यात लहान अक्षरांत ज्याचे नाव छापलेले असते, जो ऊन डोक्यावर असताना मूठभर माणसांसमोर वाजवतो आणि ज्याच्या वाट्याला जेमतेम अर्धा तास येतो, त्या बँडच्या पहिल्या ठोक्याला आपण मैदानात उभे असले पाहिजे. एकाच मंचावर दुपारपासून रात्रीपर्यंत पाच बँड वाजवतात तेव्हा तो एकच सलग कार्यक्रम असतो आणि शेवटच्या बँडचे वजन किती, हे आधीच्या चौघांनी ठरवलेले असते. रात्री आठला येऊन फक्त मुख्य बँड ऐकणाऱ्याला तो बँड पुरता ऐकू येतच नाही.

गेल्या हिवाळ्यात माझ्या भाच्याला मी हेच सांगत होते. तो अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, मेटल ऐकतो, पण तोवर कानांत इअरफोनची बोंडे घालूनच ऐकलेले. “मावशी, मेन बँड आठला आहे, आपण सातला निघू ना,” असे त्याचे म्हणणे होते. कोथरूडहून खराडीला शनिवारी संध्याकाळी सातला निघणारा माणूस आठला पोहोचत नाही, हे कारण त्याला लगेच पटले. खरे कारण त्याचे त्यालाच कळावे, म्हणून मी अधिक काही बोलले नाही. आम्ही अडीचलाच घर सोडले.

खराडीच्या पलीकडे, नगर रस्ता सोडून आत गेल्यावर लग्नांसाठी बांधलेली मोठमोठी लॉन आहेत. पुण्यात उघड्यावरचे बहुतेक सगळे मोठे कार्यक्रम अशाच जागांवर होतात, कारण हजार-दोन हजार माणसे मावतील, गाड्या लागतील, जनरेटर ठेवता येईल आणि आडोसाही मिळेल अशी दुसरी जागा या शहरात सहज मिळत नाही. एरवी ज्या उंचवट्यावर नवरा-नवरीची खुर्ची मांडतात त्याच्यापुढे लोखंडी सांगाडा उभारून मंच वाढवला होता. मागच्या बाजूला ‘वरपक्ष’ आणि ‘वधूपक्ष’ अशा पाट्या लावलेल्या दोन खोल्या होत्या. वाट पाहणारे बँड वरपक्षात बसले होते आणि वधूपक्षात गिटारांच्या पेट्या रचून ठेवल्या होत्या. हिरवळीवर काळे टीशर्ट घातलेली मुले उन्हात बसली होती. काही पिंपरी-वाकडहून दुचाकीवर आलेली होती, काही कोल्हापूर-नाशिकहून रात्रीच्या गाडीने पहाटे उतरून मित्राच्या खोलीवर दोन तास झोपून आलेली होती. इतक्या लांबून येणारा माणूस शेवटचा एकच बँड ऐकायला येत नाही.

मंचाचे तोंड पश्चिमेकडे होते. त्यामुळे चार वाजता पहिला बँड उभा राहिला तेव्हा सूर्य थेट त्यांच्या डोळ्यांत होता. मुले पुण्यातलीच, कॉलेजात शिकणारी. त्यांच्या गिटारवादकाला गिटारच्या मानेवरचे पडदे दिसत नव्हते, म्हणून तो अर्धा पाठमोरा होऊन स्वतःच्या सावलीत हात धरून वाजवत होता. उन्हाने धातूच्या तारा तापतात, तापल्या की सैलावतात आणि सूर उतरतो. त्यामुळे प्रत्येक गाण्यानंतर दोघेही गिटारवादक खाली मान घालून तारा पुन्हा लावत होते आणि तेवढा वेळ भरून काढण्यासाठी ड्रमवाला हलकेच झांजा वाजवत राहात होता. लोकांची ये-जा चालूच होती, ध्वनियंत्रणेवर बसलेला माणूस आवाजाचा अंदाज घेत होता, पहिल्या गाण्यात खालच्या सुरांची बास गिटार ऐकूच आली नाही आणि दुसऱ्यात ती एकदम इतकी वाढली की बाकीचे सगळे तिच्याखाली दबले. पहिल्या बँडच्या नशिबी हे असतेच. त्याच्या गाण्यांवर सगळी यंत्रणा बेतली जाते आणि मागून येणाऱ्यांना तयार आवाज मिळतो. हे माहीत असूनही ती मुले जीव तोडून वाजवत होती आणि पुढे उभी असलेली पन्नासएक माणसे तेवढ्याच जिवाने माना हलवत होती.

दिवसाउजेडी आणखी एक गोष्ट होते, जी रात्री दिव्यांच्या झगमगाटात आणि धुरात हरवते. माणसे वाजवताना दिसतात. पहिल्या बँडचा गायक ग्राउल करणारा होता. मेटल न ऐकणाऱ्याला ते ओरडणे वाटते, पण तो दहा हातांवर उभा होता आणि त्याचे पोट, बरगड्या, मान सगळे स्पष्ट दिसत होते. गळ्याच्या शिरा फुगल्या नव्हत्या. श्वास खालून, पोटातून उचलला जात होता आणि मान जवळजवळ ढिली होती. स्वरयंत्रात मूळ स्वररज्जूंच्या वर आणखी दोन घड्या असतात, ज्या बोलताना आपण वापरत नाही. ग्राउल करताना त्याच घड्या थरथरवून तो घोगरा, खोल आवाज काढला जातो. नीट न शिकता नुसता जोर लावला तर आठवड्यात गळा बसतो. दोन गाण्यांच्या मधे तो मुलगा थर्मासमधून कोमट पाणी पीत होता. त्या थर्मासवर कागदाची पट्टी चिकटवून मार्करने ‘गार पाणी देऊ नये’ असे लिहिलेले होते. त्या पट्टीकडे पाहून मला वाटले, की आपल्या गळ्याची इतकी काळजी घेणारा मुलगा गाणे गंभीरपणे घेतो आहे, मग त्याच्यासमोर पन्नास माणसे असोत की पाच हजार.

पहिला बँड उतरल्यावर दुसरा चढेपर्यंत जी वीस मिनिटे जातात त्यांत बहुतेक लोक वडापावच्या गाडीकडे वळतात. मी मंचाजवळच थांबते आणि भाच्यालाही थांबवले, कारण अनेक बँडांच्या कार्यक्रमातला माझा सर्वांत आवडता भाग हाच आहे. पाच बँडांसाठी पाच ड्रमकिट आणि गिटारचा आवाज वाढवणाऱ्या अँपच्या पाच जोड्या आणणे कोणालाच परवडत नाही. म्हणून मोठे सामान एकच असते आणि ते सगळे वापरतात. ड्रमची मोठी पिंपे, गिटारांचे कॅबिनेट म्हणजे स्पीकरच्या पेट्या, आणि बासचा अँप मंचावर जागच्या जागी राहतात. प्रत्येक ड्रमवाला स्वतःचा स्नेअर हा छोटा, खणखणीत ड्रम, स्वतःच्या झांजा आणि पायाने मारायचे स्वतःचे पेडल घेऊन येतो. ड्रमखाली लग्नाच्या मंडपातलाच एक लाल गालिचा अंथरला होता आणि त्यावर रंगीत चिकटपट्ट्यांचे छोटे तुकडे लावलेले होते. पहिल्या बँडसाठी पिवळे, दुसऱ्यासाठी निळे, तिसऱ्यासाठी पांढरे. प्रत्येक तुकड्यावर ‘स्टूल’, ‘हायहॅट’, ‘डावी झांज’ असे बॉलपेनने लिहिले होते. स्टँडचे पाय त्या-त्या रंगाच्या खुणांवर सरकवले की त्या-त्या ड्रमवाल्याच्या हाताच्या अंतरावर सगळे येते. दुपारी बाराच्या साउंडचेकला, म्हणजे आवाज तपासून घ्यायच्या फेरीला, पाचही ड्रमवाल्यांनी एकामागून एक बसून या खुणा करून घेतल्या होत्या, शेवटचा बँड सर्वांत आधी आणि पहिला बँड सर्वांत शेवटी, म्हणजे पहिल्याची मांडणी हलवावीच लागत नाही.

दुसऱ्या बँडचा ड्रमवाला बसला आणि त्याच्या दुहेरी पेडलची स्प्रिंग तुटली. मेटलच्या ड्रमवाल्यासाठी ही लहान गोष्ट नव्हे, कारण दोन्ही पायांनी एकाच मोठ्या ड्रमवर जी अखंड घोडदौड चालते ती त्या पेडलवरच चालते. वरपक्षाच्या खोलीतून मुख्य बँडचा ड्रमवाला, पन्नाशीकडे झुकलेला, टकलावर घाम आलेला माणूस, स्वतःचे पेडल घेऊन धावत मंचावर आला. त्याने गुडघे टेकून ते बसवून दिले, त्या मुलाच्या पायाला बसेल इतका ताण कमी केला आणि पाठीवर थाप मारून निघून गेला. पेडल हे ड्रमवाल्याचे अगदी खासगी साधन असते. त्याचा ताण पायाच्या सवयीने बनलेला असतो आणि एकदा ढिला केला की पुन्हा तसाच लागायला वेळ लागतो. ज्याला पुढच्या तीन तासांत पूर्ण मैदानासमोर वाजवायचे होते त्याने तो ढिला करून दिला. सातला येणाऱ्यांना हे कधीच कळणार नाही.

या संगीताची सुरुवातच मुळी अशा अडचणीतून वाट काढण्यातून झाली आहे. पुढे ब्लॅक सॅबथ या बँडचा गिटारवादक झालेल्या आणि तेव्हा बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात काम करणाऱ्या टोनी आयोमीच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोके तो सतरा वर्षांचा असताना यंत्रात सापडून तुटली. तो डावखुरा असल्याने तारा दाबायचा हात तोच होता. त्याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या बनवल्या, त्यांवर चामडे लावले, हलक्या तारा वापरायला सुरुवात केली आणि पुढे १९७१ सालच्या तिसऱ्या अल्बमपासून तारा सैल करून गिटार तीन पट्ट्या खाली लावली. बोटांना सोसावे म्हणून केलेल्या या बदलाने ब्लॅक सॅबथचा आवाज जड आणि काळोखा झाला. १३ फेब्रुवारी १९७० रोजी आलेल्या त्यांच्या पहिल्या अल्बमच्या पहिल्याच गाण्यात षड्जावरून थेट तीव्र मध्यमावर जाऊन तिथे रेंगाळणारी ती चाल आजही अंगावर काटा आणते. जगभरातली आजची खाली लावलेली प्रत्येक गिटार, खराडीच्या लॉनवरची सुद्धा, त्या दोन बोटांचे देणे लागते.

भाच्याने त्या संध्याकाळी मला विचारले, की सगळे बँड तीच ती सुरांची जोडी का वाजवतात. त्याचे निरीक्षण बरोबर होते. मेटलमधली गिटार बहुतांशी दोनच सुरांवर उभी असते, षड्ज आणि पंचम. अँपमधून आवाज मुद्दाम फाटवला जातो, तेव्हा एकत्र छेडलेल्या सुरांच्या कंपनसंख्यांच्या बेरजा-वजाबाक्यांतून नवे सूर तयार होतात. सा आणि प यांचे प्रमाण दोनास तीन, म्हणून त्यांच्या वजाबाकीतून येणारा सूर नेमका खालच्या सप्तकातला सा असतो. त्याला कोणी वाजवत नाही, तो आपोआप उभा राहतो आणि दोन तारांचा आवाज मैदानभर होतो. त्यातच गंधार मिसळला तर नको त्या सुरांची गर्दी होऊन चिखल होतो, म्हणून गंधार बहुधा वगळतात. आपल्याकडे चांगल्या लागलेल्या तंबोऱ्याच्या खर्जातून स्वयंभू गंधार ऐकू येतो, हे या शहरात वाढलेल्या मुलाला वेगळे सांगावे लागत नाही. न छेडलेला सूर ऐकण्याची सवय असलेल्या कानांनी मेटलच्या भिंतीसारख्या आवाजाकडे पाहिले, तर त्यातही तळाशी एक शांत, स्थिर षड्ज सापडतो. भाचा पुढचा अर्धा तास डोळे मिटून तो शोधत उभा होता.

तिसऱ्या बँडच्या वेळी ऊन उतरले. हा बँड अत्यंत संथ वाजवणारा होता, डूम म्हणतात त्या प्रकारातला, आणि आयोजकांनी त्याला सूर्यास्ताच्या वेळी बसवले याबद्दल मी त्यांची मनापासून ऋणी आहे. इथे उघड्यावरच्या ध्वनीविषयी थोडे सांगायला हवे, कारण बंद सभागृहात हे अनुभवता येत नाही. उघड्यावर भिंती नसतात, छत नसते, त्यामुळे आवाज परत येत नाही. एकदा गेला की गेला. बासची सर्वांत खालची तार सुटी वाजवली तर सेकंदाला सुमारे ४१ कंपने होतात आणि त्या लाटेची लांबी आठ मीटरच्या वर जाते. ती लाट कानांआधी छातीत आणि पोटऱ्यांत जाणवते. विसर्जनाच्या मिरवणुकीत लक्ष्मी रस्त्यावर ढोलांच्या रांगेसमोर उभे राहिलेल्या पुणेकराला हा अनुभव लहानपणापासून ओळखीचा आहे, आणि मला वाटते की मेटल इथल्या मुलांच्या अंगात इतके सहज उतरते त्यामागे ही तयारी आहे. त्या दिवशीच्या पाच ड्रमवाल्यांपैकी निदान दोघे गणपतीत ताशा वाजवणारे होते. स्नेअरवरची त्यांची मनगटे पाहूनच ते कळत होते. तर सूर्य मावळतो, जमीन गार होते, जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा थंड होते आणि वर निघालेला आवाज पुन्हा खाली वाकतो. दुपारी जो आवाज वाऱ्याबरोबर विरून जात होता तोच रात्री लॉनच्या शेवटच्या टोकापर्यंत भरदार ऐकू येतो. तिसऱ्या बँडचे एक गाणे बारा-तेरा मिनिटांचे होते. ते सुरू झाले तेव्हा आकाश केशरी होते, संपले तेव्हा दिवे लागले होते, आणि त्या मधल्या वेळात यंत्रणेची एकही कळ न हलवता आवाज हळूहळू मोठा होत गेला. मी मुद्दाम चालत मागे गेले. पन्नास मीटरवर उभे राहिले की ड्रमवाल्याची काठी पडताना दिसते आणि ठोका जरा मागून येतो. आवाजाला तेवढे अंतर कापायला सेकंदाचा सातवा हिस्सा लागतो. इतक्या संथ संगीतात ते अंतर स्पष्ट दिसते.

कानांविषयी एकच गोष्ट सांगते आणि पुढे जाते. कानात घालायचे प्लग दोघांनीही आणावेत, अशी अट मी भाच्याला घातली होती. १०० डेसिबलच्या आवाजात विनासंरक्षण पंधरा मिनिटांत कानाचा दिवसभराचा वाटा संपतो आणि मंचासमोर आवाज त्याच्या आसपास सहज जातो. गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही. चांगल्या प्लगने संगीत बोथट होत नाही, उलट झांजांचा कर्कशपणा जाऊन गिटारांचे तपशील सुटे होतात. ज्याला हे संगीत साठाव्या वर्षीही ऐकायचे आहे त्याने त्यांना लाजू नये.

चौथा बँड थ्रॅशचा होता, अत्यंत वेगवान, आणि त्यांनी पहिली तीन-चार आवर्तने वाजवली न वाजवली तोच मैदानाच्या मधोमध जागा मोकळी झाली. पिट. या पिटविषयी बाहेर जे बोलले जाते त्याने मला नेहमी वाईट वाटते, कारण बोलणाऱ्यांनी तो जवळून पाहिलेला नसतो. माणसे एकमेकांना धक्के देतात, खांदे आदळतात, धावतात, हे खरे आहे. पण त्याचे नियम कोणी लिहून न देता प्रत्येक जण पाळतो. कोपरे अंगाशी ठेवायची, हात उगारायचा नाही, ज्याला आत यायचे नाही त्याला ओढायचे नाही. सर्वांत मोठा नियम, कोणी पडला तर सगळ्यांनी थांबून आधी त्याला उचलायचे. माझ्या डोळ्यांसमोर एक सडपातळ मुलगा घसरला आणि तो जमिनीला टेकून क्षणही झाला नसेल तोच चार-पाच हातांनी त्याला काखांत धरून उभा केला. दोघांनी त्याच्या भोवती हात पसरून कडे केले. एकाने विचारले, “ठीक आहेस का? चष्मा?” चष्मा पडला होता. तो सापडेपर्यंत त्या तेवढ्या भागातली सगळी माणसे जागच्या जागी थांबून, मोबाइलचे दिवे खाली धरून गवत पाहात होती, आणि पाच हातांवर बाकीचा पिट पूर्ण वेगात चालू होता. चष्मा सापडला, काच शाबूत होती. तो शोधून काढणाऱ्याने डोक्यावर उंच धरून सगळ्यांना दाखवला आणि मंचावरच्या गाण्याला मिळाला नसेल एवढा ओरडा त्या चष्म्याला मिळाला.

बाई म्हणून मला आणखी एक गोष्ट नोंदवायची आहे. तरुण होते तेव्हा गर्दीत अंग चोरून उभे राहण्याची सवय मला या शहरातल्या बसने आणि मिरवणुकांनी लावली होती. मेटलच्या कार्यक्रमांत ती सवय मी पहिल्यांदा सोडली. सगळीकडेच, प्रत्येक वेळी हे शक्य होते असा माझा दावा नाही. पण त्या संध्याकाळी पिटमध्ये सहा-सात मुली होत्या, एकीने तर ओढणी कमरेला बांधून उडी घेतली होती. त्या धावत होत्या, धडकत होत्या, हसत बाहेर येऊन दम खात होत्या आणि पुन्हा आत जात होत्या. त्यांच्यासाठी कोणी वेगळे कडे केले नाही, त्याची त्यांना गरजही नव्हती. मी कडेला उभी राहून हात वर केला होता, तर्जनी आणि करंगळी ताठ, मधली बोटे अंगठ्याखाली. ही खूण गायक रॉनी जेम्स डिओने मेटलमध्ये रुजवली. त्याची इटालियन आजी दृष्ट लागू नये म्हणून बोटे अशी धरायची, असे तो सांगत असे. त्या मुलींकडे पाहताना त्या खुणेचा आजीचा अर्थच माझ्या मनात होता.

थ्रॅशच्या शेवटच्या गाण्याला पिटचे रिंगण झाले, सगळे एकाच दिशेने गोल धावू लागले. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या भौतिकशास्त्रज्ञांनी अशा गर्दीच्या चित्रफिती तपासून २०१३ साली शोधनिबंध प्रसिद्ध केला होता. साधा पिट वायूच्या रेणूंसारखा वागतो आणि रिंगण भोवऱ्यासारखे, असे त्यांना आढळले. त्यांनी पाहिलेली बहुतेक रिंगणे घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरत होती. खराडीतलेही तसेच फिरले. देवळातल्या प्रदक्षिणेची सवय असलेली इतकी मुले कोणी न सांगता उलट दिशेने का धावतात, हे कोडे मला फार आवडते. भाचा त्या रिंगणात होता. त्याने जाण्यापूर्वी माझ्याकडे पाहिले, मी त्याचा मोबाइल आणि चष्मा मागून घेतला.

मुख्य बँडची वाट पाहताना मला २००७ सालचा मार्च आठवत होता, बेंगळुरूचे पॅलेस ग्राउंड्स आणि इंग्लंडचा आयर्न मेडन हा बँड. त्यांचा भारतातला तो पहिलाच कार्यक्रम. पुण्याहून उद्यान एक्सप्रेसने गेलेल्यांच्या डब्यांत काळे टीशर्ट इतके होते की टीसीने कुतूहलाने कुठली यात्रा आहे असे विचारले होते. मेडनच्या आधी दिल्लीच्या परिक्रमाने वाजवले. त्यांच्या बँडमध्ये व्हायोलिन आहे. मैदान मेडनच्या नावाने आधीच पेटलेले, आणि त्या अधीर गर्दीसमोर आपल्याच देशातला एक बँड व्हायोलिन घेऊन उभा राहिला आणि त्याने ती गर्दी आपलीशी केली. त्याच वर्षी परिक्रमाने इंग्लंडच्या डाउनलोड महोत्सवात वाजवले. जे लोक प्रवेशद्वाराबाहेर गप्पा मारत थांबले होते त्यांना मेडन ऐकायला मिळाले, पण त्या संध्याकाळचा निम्मा भाग त्यांच्या हातून निसटला. पहिल्या बँडपासून जावे, या माझ्या मताचे मूळ तिथे आहे.

मुंबईत १९८६ सालापासून इंडिपेंडन्स रॉक हा महोत्सव भरत असे, धोबीतलावाजवळच्या रंगभवनात, आणि तिथे तर दुपारपासून नवख्या बँडांची रांगच लागलेली असायची. ते उघडे नाट्यगृह शांतता क्षेत्राच्या नियमात सापडले, कारण आजूबाजूला रुग्णालय आणि महाविद्यालय, आणि कार्यक्रम तिथून उठले. नियमाबद्दल माझी तक्रार नाही. रुग्णाला झोप हवी, आणि रात्रीच्या थंड हवेत आवाज किती दूर जातो हे मी वर सांगितलेच आहे. रात्री दहानंतर ध्वनिवर्धक बंद, हा २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांचा दंडक पुण्याने १९५३ पासून चालत आलेल्या सवाई गंधर्व महोत्सवालाही लावला. भीमसेनजींच्या काळात पहाटेपर्यंत चालणाऱ्या त्या बैठकी आता घड्याळावर चालतात, एखाद्या दिवशी परवानगी मिळाली तर बारापर्यंत. पहाटेचे राग मंचावरून जवळजवळ गेले, ही हानी मोठी आहे आणि ती सोसूनही तो महोत्सव उभा आहे. माझे म्हणणे एवढेच आहे, की शहराने वस्तीपासून दूर, आवाजाचा विचार करून बांधलेले एक तरी उघडे रंगमंदिर या सगळ्यांसाठी द्यावे. २०१० साली कोरेगाव पार्कात पहिला एनएच सेव्हन वीकेंडर हा संगीत महोत्सव झाला तेव्हापासून पुण्याने देशाला दाखवून दिले आहे, की इथे नवे संगीत उघड्यावर ऐकायला हजारो माणसे येतात. ती माणसे पंधरा वर्षे लग्नाच्या लॉनवर उभी आहेत.

जागा कायमची असती तर वेळेची ओढाताणही कमी झाली असती. त्या संध्याकाळी प्रत्येक बँडच्या बदलीत दोन-तीन मिनिटे अधिक जात होती, पेडलच्या भानगडीत पाच गेली, आणि हा सगळा उशीर शेवटच्या बँडच्या माथी आला. त्यांनी तक्रार केली नाही. सव्वाआठला ते आले आणि पहिल्याच रिफला, म्हणजे गिटारच्या फिरून फिरून येणाऱ्या चालीला, मला कळले की हे त्यांनाच जमणारे आहे. दुपारच्या मुलांचा वेग, संध्याकाळच्या बँडचा संथपणा, थ्रॅशवाल्यांची धार, जे जे आम्ही दिवसभर सुटे सुटे ऐकले होते ते त्यांच्या एका गाण्यात एकत्र होते, आणि कुठला धागा कुठून आला हे आमच्या कानांना ओळखता येत होते. भाचा घामाने निथळत माझ्याशेजारी येऊन उभा राहिला आणि कानाशी ओरडून म्हणाला, “मावशी, हे त्या चारच्या बँडसारखं चाललंय बघ, तीच जोडी, फक्त अजून खाली!” त्याला षड्ज सापडला होता.

दहाला दहा मिनिटे असताना गायकाने माइक हातात घेतला. आयोजकांचा माणूस मंचाच्या कडेला मनगटावरच्या घड्याळाकडे बोट दाखवत उभा होता. गायक म्हणाला, “ठरवलेलं शेवटचं गाणं नऊ मिनिटांचं आहे. त्याऐवजी जुनी छोटी दोन बसतात. एक मोठं वाजवू, का दोन छोटी?” मैदानाने दोन बोटे वर केली, पहिल्या बँडची मुलेही कुंपणाशी उभी राहून दोन बोटे दाखवत होती, आणि ड्रमवाल्याने काठ्यांनी चार ठोके देऊन हातांची मोजणीसुद्धा पुरी होऊ न देता सुरुवात केली. दोन गाण्यांच्या मधे त्यांनी श्वाससुद्धा घेतला नाही. शेवटचा ठोका पडला तेव्हा दहाला एक मिनिट होते, आणि त्या उरलेल्या मिनिटात गायकाने दिवसभराच्या पाचही बँडांची नावे खालून वर, पत्रकाच्या उलट क्रमाने, एकेक करून घेतली आणि दोन हजार माणसांनी प्रत्येक नाव त्याच्यामागून ओरडून म्हटले.